सिस्टरांची हिरवळ आणि हुमणी

क्षमाशील माणसांचं जगात फार कौतुक होतं. असेल ती मोठी गोष्ट. मला स्वतःला डूख धरणारी माणसं जास्त आवडतात. ती निदान लक्षात तरी ठेवतात. आमच्या केजच्या कॉलनीत माझ्या, म्हणजे एका शाळामास्तराच्या, भिंतीला भिंत लावून कौसल्या सिस्टर राहत होत्या. त्यांनी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही, आणि अडीनडीला त्यांच्याइतकं कुणी धावून आल्याचंही आठवत नाही. कॉलनीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनी इंजेक्शनं दिली आणि त्यातल्या निम्म्यांशी त्या बोलत नव्हत्या. न बोलता इंजेक्शन देता येतं हे मी त्यांच्याकडं पाहूनच शिकलो.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. नवरा फार आधी गेलेला, मुलगी मीना पुण्यात. अंगानं किरकोळ, पण चाल अशी की समोरचा आपोआप बाजूला व्हायचा. कुठलीही वस्तू हातात घेतली की तिच्यावर नखानं टिचकी मारायची सवय होती. सिरिंजमधली हवा काढताना मारतात ना, तशी. आंब्याला टिचकी, नळाला टिचकी, माझ्या हातातल्या चहाच्या कपालासुद्धा एकदा टिचकी मारून झाली होती. आणि कुणी काही लागट बोललं, की त्या भांडत नसत. शांतपणे म्हणत, "बघून ठेवलंय मी." बस्स. ज्याला हे ऐकावं लागे त्याची झोप उडायची, कारण सिस्टर पुढं काय करतील आणि कधी करतील हे कुणालाच सांगता येत नसे.

दवाखान्यातली एक गोष्ट त्या फार चवीनं सांगायच्या. नव्यानं आलेल्या एका डॉक्टरांनी राउंडच्या वेळी सगळ्या पेशंटांसमोर त्यांना "ए बाई, इकडं ये," अशी हाक मारली. सिस्टर गेल्या, ट्रे धरून उभ्या राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. बघून मात्र ठेवलं. पुढं काही वर्षांनी त्याच डॉक्टरांची आई पाय मोडून त्याच वॉर्डात आली. सिस्टरांनी म्हातारीची अशी सेवा केली की ती सुनेला विसरली. वेणीफणी, अंग पुसणं, पेज भरवणं, सगळं स्वतःच्या हातानं. आणि पेज भरवता भरवता रोज एकच प्रश्न, "आई, तुमच्या लेकाला हाक मारायला कुणी शिकवलं हो?" शेवटी म्हातारीनं भर राउंडमध्ये लेकाला झापलं की आजपासून हिला सिस्टर म्हणायचं. आईला घरी नेताना डॉक्टर साडी घेऊन आले, तर सिस्टरांनी ती हात न लावता परत केली. "ए बाईला कशाला साडी?" एवढंच म्हणाल्या. सेवा करून माणसाला असं लोळवता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यांची हिरवळसुद्धा अशाच एका जुन्या डुखातून उगवलेली. नर्सिंगच्या ट्रेनिंगला त्या औरंगाबादला होत्या. तेव्हा ते औरंगाबादच होतं. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे, मुलगी नात्यातल्या एका मावशीकडं राहून शिकलेली. मॅट्रनबाईंच्या बंगल्यापुढं हिरवळ होती आणि तिच्यावर पाटी, 'हिरवळीवर चालू नये'. एकदा उशीर झाला म्हणून कौसल्या तिच्यावरून तिरपी गेली. मॅट्रननं तिला परत बोलावलं, चपला डोक्यावर धरायला लावल्या आणि सगळ्या मुलींसमोर हिरवळीच्या कडेकडेनं चालवलं. सिस्टरांना अपमानापेक्षा त्या पाटीचं नवल जास्त वाटलं होतं. गवत म्हणजे बसायची, लोळायची, शेरडं चारायची जागा. गवतावर चालू नये म्हणजे काय? केजला घर बांधलं तेव्हा त्यांनी गवंड्याला पहिली गोष्ट बजावली ती ही की पुढची जागा फरशी घालून बुजवायची नाही. तिथं हिरवळ होईल आणि त्यावर सगळे अनवाणी चालतील.

लोक हसले. आमच्या भागात मार्च लागला की पाण्याच्या टँकरकडं डोळे लागतात, तिथं गवत लावायचं आणि तेही जनावराला घालायचं नाही, ही थेरं कुणाला कळेनात. सिस्टर कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी साठवून ठेवत आणि संध्याकाळी मगानं हिरवळीला पाजत. पाइप लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

पण हिरवळीच्या पोटात दुसराही एक डूख होता, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. वडील वारल्यावर धाकटा भाऊ उत्तम त्यांना जीपमध्ये बसवून केजच्या कचेरीत घेऊन आला. हक्कसोड करायची होती. आमच्याकडं ही रीतच आहे. बाप गेला की बहिणींनी जमिनीवरचा हक्क भावाला सोडून द्यायचा, सही करायची आणि साडीचोळी घेऊन घरी जायचं. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं. सिस्टर थोड्या थांबल्या होत्या म्हणे. उत्तम म्हणाला, "सोड की आक्का. तू नोकरीवाली. तुला काय कमी हाय?" त्यांनी सोडलं. माहेर राहावं म्हणून सोडलं, आणि पुढच्याच पंचमीला त्यांना न्यायला कुणी आलं नाही. नागपंचमीला झाडाला झोके बांधलेले असताना लेक सासरीच बसून राहिली, तर आमच्याकडच्या बायका त्याचं दुःख मरणासारखं करतात. सिस्टरांनी दुःख केलं नाही. त्यांनी बघून ठेवलं.

हिरवळ लावायची म्हणजे शेणखत हवं. सिस्टरांनी भाड्याचा ट्रॅक्टर केला आणि निरोप न देता सरळ गावी जाऊन वडिलांच्या गोठ्यामागच्या उकिरड्यापुढं उभा केला. उत्तमनं ते शेण स्वतःच्या उसासाठी साठवून ठेवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, जमीन सोडली आहे, शेण सोडलेलं नाही, कागदावर शेणाचं नाव दाखव. आता यावर कुठला भाऊ काय बोलणार? तो एवढंच म्हणाला की आक्का, हे कच्चं आहे, याला एक उन्हाळा खाऊ दे, मग ने. सिस्टरांना वाटलं, चालढकल करतोय. त्यांनी उकिरडा खरवडून नेला. ट्रॉली कॉलनीत शिरली तेव्हा शेणातून वाफा निघत होत्या आणि आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून उभे होतो. सिस्टर पदर खोचून हातानं शेण पसरत होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

हिरवळ आली ती मात्र दृष्ट लागावी अशी. पोरंटोरं, म्हाताऱ्या, पोस्टमन, सगळ्यांना सिस्टर दारातून हाक मारून बोलवायच्या आणि चपला काढून दोन फेऱ्या मारायला लावायच्या. एकदा मागच्या गल्लीतल्या एका ठेकेदाराची शेळी आत शिरून एक कोपरा फस्त करून गेली. ठेकेदार म्हणाला, शेळीला काय कळतंय. दुसऱ्यांदा शेळी आली तेव्हा सिस्टरांनी तिला हुसकलं नाही. सावलीत बांधली, पाणी पाजलं, धार काढली. संध्याकाळी मालक शोधत आला, तर त्याला खुर्ची दिली, चहा दिला. तो अर्धा कप पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "कसा झालाय? तुमच्याच शेळीच्या दुधाचा हाय." त्या दिवसापासून शेळीच्या गळ्यात दावं आलं. मी गच्चीवरून हे सगळं पाहिलं आणि मला मनापासून बरं वाटलं, कारण ठेकेदाराच्या शेळीनं माझा कढीपत्तासुद्धा खाल्ला होता.

मग दुसऱ्या वर्षी गौरी उठल्या आणि हिरवळीवर पिवळे डाग दिसू लागले.

सिस्टरांना आधी वाटलं पाणी कमी पडलं. पाणी वाढवलं तर डाग वाढले. एका सकाळी त्यांनी डागाच्या जागचं गवत मुठीत धरून ओढलं, तर ते वाकळ उचलावी तसं अलगद वर आलं. खाली मुळंच नव्हती. मातीत पांढऱ्या, लठ्ठ, तपकिरी डोक्याच्या अळ्या अंगाची मुटकुळी करून पडल्या होत्या. मी भिंतीवरून वाकून पाहिलं. आमच्याकडं शेतकऱ्याच्या पोराला ती अळी ओळखायला वेळ लागत नाही. हुमणी. उसाच्या फडात ही लागली की उभा ऊस वाळतो.

नेमकं तेव्हाच मीनाचा फोन आला होता की दिवाळीला ती चिऊला घेऊन येते आहे. चिऊ म्हणजे सिस्टरांची नात, नुकतीच रांगायला लागलेली. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये फरशीवर रांगून तिचे गुडघे लाल झाले होते. व्हिडिओवर ते गुडघे बघितल्यापासून सिस्टरांचं एकच चाललं होतं, माझ्या हिरवळीवर रांगेल, माझ्या हिरवळीवर रांगेल. ज्या गवतावरून त्यांना हाकललं होतं, तसल्या गवतावर त्यांची नात लोळणार होती. एवढ्यासाठीच तर सगळा घाट होता. आणि आता खालून कुणीतरी तो कुरतडत होतं.

सिस्टर हुमणीवर इतक्या संतापल्या की मला त्यांची भीती वाटली. बाजारपेठेतल्या एका औषधाच्या दुकानात, म्हणजे शेतीच्या औषधांच्या, त्या मला बरोबर घेऊन गेल्या. दुकानदारानं आधी साधी औषधं पुढं केली, एक बुरशीचं होतं, सावकाश काम करणारं. सिस्टरांनी पुड्याला टिचकी मारली आणि बाजूला सारला. औषधांच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, त्यात लाल म्हणजे सगळ्यांत जहाल. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. वॉर्डात विषबाधेचा पेशंट आला की त्या नातेवाइकांवर ओरडायच्या, आधी डबा आणा, डबा. नोकरीभर त्यांनी तो लाल त्रिकोण पाहिला होता आणि त्याच्या शेजारी झोपवलेली माणसं पाहिली होती. तरीही त्या दुकानदाराला म्हणाल्या, "निळंहिरवं दावू नका. लाल हाय का?"

दुकानदार आतल्या खोलीत गेला आणि कुठल्याशा जुन्या मालातली दाणेदार औषधाची पिशवी घेऊन आला. सिस्टरांनी विचारलं की तिथं लहान लेकरू रांगणार आहे, चालेल का. तो हसला. "मावशी, लेकरू लोळलं तरी काय व्हत न्हाई. समदे टाकतेत." असं म्हणून त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडं तोंड केलं. त्याच्या हातात मोजे नव्हते, पिशवीवरचा मजकूर त्यानं वाचला नव्हता आणि लेकराचा विचार तर त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. सिस्टरांनी पैसे मोजून दिले. मी मात्र ओळखलं, यानं स्वतःचं नाव त्यांच्या डोक्यात लिहवून घेतलं.

घरी आल्यावर दोन दिवस पिशवी ओट्याच्या वर, फळीवर पडून होती. सिस्टर भिंतीपाशी यायच्या आणि माझ्याशी बोलल्यासारखं स्वतःशी बोलायच्या. दिवाळीला अजून अवकाश आहे, तोवर जोर ओसरेल. पण लेकरू माती तोंडात घालतं. वरून पाणी मारलं तर औषध खाली जाईल. पण खाली तुमचा बोअर आहे, सर. नाही टाकलं तर हिरवळ जाईल. टाकलं आणि उद्या लेकराच्या तोंडाला फेस आला तर? मी म्हणालो, नका टाकू. तर माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, तुम्हाला सांगायला काय जातंय, तिनं माझं मूळ खाल्लंय. त्या क्षणी हुमणीचं नाव घेत असल्या तरी त्यांच्या डोळ्यांपुढं कोण कोण असेल कुणास ठाऊक. मॅट्रन असेल, उत्तम असेल.

शेवटी त्यांनी वॉर्डातली वाट धरली. कुठलंही जहाल इंजेक्शन देण्याआधी कातडीखाली थोडं टोचून बघतात, पेशंटला सोसतं का ते. तसा हिरवळीलाही टेस्ट डोस द्यायचा. दारातल्या कडुलिंबापासून लांबचा एक कोपरा निवडला, हातात मोजे, तोंडाला मास्क, आणि दाणे मातीत मिसळून दिले. मग कॉलनीतली पोरं तिथं येऊ नयेत म्हणून सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि काठीला बांधून कोपऱ्यात रोवला.

हिरवळीवर चालू नये.

पाटी रोवून त्या मागं सरल्या, वाचली, आणि तशाच उभ्या राहिल्या. मी भिंतीपलीकडं होतो. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. उभ्या आयुष्यात ज्या पाटीशी वैर केलं ती त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या दारात लावली होती, आणि काढता येत नव्हती, कारण या खेपेला पाटी खरं बोलत होती.

पोरं पाटी वाचून लांब राहिली. साळुंक्यांना वाचता येत नव्हतं. या साळुंक्या रोज सकाळी हिरवळीवर उतरायच्या आणि चोचीनं हुमणी उकरून खायच्या. सिस्टर त्यांना माझी पलटण म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोपऱ्यात साळुंक्या पडल्या होत्या. काही मेलेल्या, एक अजून थरथरत होती आणि तिच्या चोचीतून लाळ गळत होती. सिस्टरांनी खाली बसून तिचा डोळा पाहिला, वॉर्डात पेशंटचा पाहत तसा. मला म्हणाल्या, "रिॲक्शन आली, सर." मग ती साळुंकीही गेली, आणि सिस्टर उठल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग दुसरीकडं वळला होता.

केजच्या आठवडी बाजाराचा तो दिवस होता. सिस्टर पांढरी साडी नेसल्या, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. दवाखान्यातला काजूसारखा वाकडा स्टीलचा ट्रे काढला, त्यात साळुंक्या नीट ओळीनं मांडल्या, वर गॉजचा कपडा टाकला आणि रिक्षा केली. मी शाळेला दांडी मारली. असला सामना मी चुकवणार नव्हतो.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदारानं ओळख दाखवून खुर्ची दिली, आणि तिथंच त्याचं चुकलं. सिस्टर खुर्चीत बसल्या, ट्रे मांडीवर घेतला, कपडा दूर केला. आरडाओरडा नाही, शिवी नाही. जो जो शेतकरी पिशवी घेऊन वळेल त्याला त्या गोड आवाजात जवळ बोलवायच्या आणि समजावून सांगायच्या की दादा, हे उघड्या हातानं धरायचं नाही, वाऱ्याकडं तोंड करून टाकायचं नाही, टाकल्यावर लेकरू, कोंबडी, वासरू तिकडं जाऊ द्यायचं नाही, रिकामी पिशवी विहिरीवर टाकायची नाही. डोळ्याची बाहुली बारीक झाली, लाळ सुटली, घाम फुटला तर घरी लिंबू पाजत बसायचं नाही, डबा घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. आणि शेवटी ट्रेकडं बोट दाखवायच्या, की या बायांनी ऐकलं नाही.

दुकानदाराला काही करता येईना. बाई त्याच्या गिऱ्हाइकांना मदतच करत होती. दुपारपर्यंत लोक माल घेण्यापेक्षा ट्रे बघायलाच जास्त येऊ लागले. बरेच जण लाल डबे परत ठेवून दुसरं काही आहे का विचारू लागले. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. जावा आता घरी." सिस्टर म्हणाल्या, "तुमचं लेकरू कुठं हाय? आना त्याला. माझ्या कोपऱ्यात घटकाभर लोळू द्या. मग जाते." तो माणूस खाली बघत राहिला. मला त्याची जराही दया आली नाही, आणि मी हे लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या काउंटरवर रबरी मोज्यांची माळ लटकत होती असं लोक सांगत होते.

एक सूड उगवला, दुसरा बाकी होता. औषधाच्या कोपऱ्याला सिस्टरांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, साळुंक्या त्यातच खोल पुरल्या आणि पाटी तिथंच ठेवली. मग खुरपं घेऊन उरलेली हिरवळ त्यांनी स्वतः उपटायला काढली. मीना फोनवर ओरडली, मी समजावलं, कुणाचं ऐकलं नाही. हुमणीनं खाण्याआधी मी खोदीन, म्हणाल्या. रोज सकाळी गुडघ्याखाली पोतं घेऊन बसायच्या, ढेकूळ न् ढेकूळ फोडायच्या आणि सापडलेली अळी चिमट्यानं उचलून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. चिमटा दवाखान्यातलाच होता. टाकताना प्रत्येक वेळी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. मी कान देऊन ऐकलं, पण नीट कळलं नाही, आणि ते बरंच झालं असावं.

असं करत करत त्या मधल्या भागात आल्या. तिथं शेणाचा थर सगळ्यांत जाड पडला होता. अजूनही काडीकचरा तसाच होता, शेण पुरतं कुजलेलंच नव्हतं. एक ढेकूळ फोडलं तर त्यात काथ्याच्या म्होरकीचा तुकडा निघाला, बैलाच्या तोंडाला बांधतात तो, आणि त्याला बिलगून हुमणी बसली होती. म्होरकीला लाल चिंधीची गाठ होती. ती गाठ मारायची त्यांच्या वडिलांची पद्धत होती. सिस्टरांनी त्या तुकड्यावरची माती पदरानं पुसली. मी भिंतीपलीकडून विचारलं, काय सापडलं. त्यांनी वर पाहिलं नाही. "कच्चं हाय म्हनला होता तो," त्या म्हणाल्या. "ही कुनी धाडली न्हाई, सर. ही मीच आनली. वाफा निघत होत्या शेनातून आन् मी गानं म्हनत होते."

कच्च्या शेणात हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात हे त्यांच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनाही होतं. पण भाऊ बोलतोय म्हणजे खोटंच बोलत असणार, असं रागानं त्यांना सांगितलं आणि त्यांनी रागाचं ऐकलं.

दिवाळीला चिऊ आली तेव्हा दारात गवताची एक काडी नव्हती. नुसती काळी, भुसभुशीत, चिमट्यानं निवडलेली माती. चिऊला त्याचं काही नव्हतं. ती मातीत बसली, एक मूठ तोंडात घातली, थुंकली आणि हसली. सिस्टर तिच्यात आणि काट्याच्या कुंपणात आडव्या बसून होत्या. जवळ काठी घेऊन, राखणीला बसावं तशा.

भाऊबीजेला फाटकाशी मोटारसायकल थांबली. बाजारातल्या ट्रेची गोष्ट गावापर्यंत गेलीच होती. उत्तमराव, पिकलेल्या मिशा, मागं बांधलेली दोन पोती. त्यांनी पोती उतरवून फाटकात ठेवली आणि तिथंच उभे राहिले. चांगलं कुजलेलं, काळं, चहाच्या पत्तीसारखं खत होतं. सिस्टरांनी आतून पिठाची चाळणी आणली आणि भावाच्या डोळ्यांदेखत ते खत मूठमूठ चाळून पाहिलं. सगळं चाळून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "खरं बोलला व्हतास तू. त्याचाच लई राग येतोय मला." मग त्यांना चपला काढून आत यायला सांगितलं. ओवाळलं की नाही ते मला माहीत नाही, फाटकावरून तेवढं दिसत नव्हतं.

सिस्टर आता इथं नाहीत. गुडघ्यांनी दावा साधला म्हणून मीना त्यांना पुण्याला घेऊन गेली. घराला कुलूप आहे. मातीत नुसतं रानगवत उगवतं, त्याच्यावर कॉलनीतली पोरं खेळतात आणि काट्याचा कोपरा तेवढा अजून कुणी ओलांडत नाही.

जाण्याआधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं. वळवाची सर पडून गेली की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि दिवेलागणीला कडुलिंबावर पाला खायला गोळा होतात. तिथंच त्यांना पाडलं तर पुढची अंडी वाचतात. उत्तमराव धोतर खोचून लिंबावर चढले होते. खाली सिस्टर काठी खोडाला टेकवून, एका हातात बॅटरी धरून उभ्या होत्या, आणि पायाशी रॉकेलमिश्रित पाण्याची बादली होती. ते फांदी हलवायचे, भुंगेरे टपाटप खाली पडायचे, सिस्टर ते वेचून बादलीत टाकायच्या. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बराच वेळ हे चाललं. शेवटी म्हातारा भाऊ दमला. फांदीला धरून श्वास घेत म्हणाला, "लई झालं आक्का. सोड की आता."

सिस्टरांनी बॅटरीचा झोत वर, थेट त्यांच्या तोंडावर धरला.

"एकदा सोडलं व्हतं तुझ्या म्हनन्यावर," त्या म्हणाल्या. "आता न्हाई. ती वरची फांदी हलव."

त्यांनी हलवली.